तेहतीस दारांचं एकच दार

खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठं. फारसीतून महसुली दप्तरात आलेले हे दोन शब्द आपल्या गावांच्या नावांना असे चिकटले आहेत की ते मुळात माप आहे, हेही आता कुणाच्या ध्यानात येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द त्यांतलंच, नावाने लहान. पण आज हे नाव घेतलं की गाव कुणाला आठवत नाही, धरण आठवतं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, ते वैनगंगेवरचं ११.३५ किलोमीटर लांबीचं धरण. पावसाळ्यात ‘गोसेची दारं उघडली’ अशी बातमी आली की खालच्या गावांचं लक्ष नदीकडे लागतं. दारं आहेत तेहतीस.

या धरणाचा फोटो कागदावर बसवायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा लहान-मोठं करणं या साध्या वाटणाऱ्या कामात किती गंमत दडली आहे ते कळलं. झालं असं, की सहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मला सोळा पानांची पुस्तिका करून द्यायची होती. फोनवर चाळीस फोटो काढले, वर्डमध्ये टाकले. चित्रावर क्लिक केलं की भोवती आठ ठिपके येतात, चार कोपऱ्यांना आणि चार बाजूंच्या मध्यावर. कोपऱ्याचा ठिपका धरला, आत ढकलला, फोटो पोस्टकार्डाएवढा झाला. काही तर बोटभर केले. काम झाल्यावर फाइल पाठवायला गेलो तर जाईना. १८० एमबी! सोळा पानं, बोटभर फोटो आणि वजन मात्र एखाद्या छोट्या सिनेमाएवढं.

मी त्या रात्री एक जुनी युक्ती केली. वर्डची फाइल वरून एक दिसते, पण आतून ती एक गाठोडं असते. तिच्या एका प्रतीच्या नावाची शेपटी ‘डॉक्स’ होती ती बदलून ‘झिप’ केली आणि गाठोडं उघडलं. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’ नावाचं फोल्डर, आणि त्यात माझे चाळीसच्या चाळीस फोटो, जसे फोनमधून निघाले तसेच. प्रत्येकी ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचे, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. मी कोपरा धरून आत ढकलत होतो तेव्हा फोटोला काही झालंच नव्हतं. बदलला होता फक्त एक आकडा. दुसऱ्या एका फाइलमध्ये, मजकुराच्या मध्ये, एवढंच लिहिलेलं होतं की हे चित्र दाखवताना इतकं रुंद आणि इतकं उंच दाखवा.

तो आकडा मात्र बघण्यासारखा आहे. चित्राची रुंदी तिथे सेंटिमीटरमध्ये लिहिलेली नव्हती, इंचातही नव्हती. सोळा सेंटिमीटर रुंदीच्या चित्रापुढे लिहिलं होतं ५७६००००. सत्तावन्न लाख साठ हजार कसले? या सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःचं एक एकक ठरवून घेतलं आहे, आणि ते एवढं बारीक आहे की एका इंचात ती ९,१४,४०० बसतात. आकडा लहरी वाटतो, पण नाही. त्याला २.५४ ने भागा, बरोबर ३,६०,००० येतात, म्हणजे एका सेंटिमीटरचीही पूर्ण संख्या. छपाईवाल्यांचा पॉइंट, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्याचे होतात बरोबर १२,७००. फुटपट्टी इंग्रजी असो, मेट्रिक असो की छापखान्याची, कुठेही अपूर्णांक उरत नाही, आणि म्हणून चित्र शंभर वेळा मागेपुढे ओढलं तरी मापात कणभर चूक साठत जात नाही. आपल्याकडे सोनार गुंज आणि मासा सांभाळत, त्या जातीची ही काळजी आहे. रोज कोपरे ओढणाऱ्या लाखो लोकांना तिचा पत्ताही नसतो.

याच गाठोड्यात एक दचकवणारी गोष्टही सापडली. एका फोटोत धरणाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कुटुंबाला मी ‘क्रॉप’ करून बाहेर काढलं होतं. परवानगी विचारली नव्हती, म्हणून. मीडिया फोल्डरमध्ये ते कुटुंब शाबूत होतं, आइस्क्रीमसकट. क्रॉप म्हणजे कापणं नव्हे, पडदा ओढणं. वर्डमध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ नावाची खिडकी आहे, तिथे कापलेला भाग खरोखर काढून टाकण्याचा एक चौकोन असतो. तो टिचकावून फाइल जतन केली तरच तो भाग जातो. आधार कार्डाचा फोटो टाकून वरचे आकडे ‘कापून’ अहवाल पाठवणारे मी पाहिले आहेत. ते आकडे बहुतेक वेळा पाठोपाठ गेलेले असतात.

त्याच खिडकीत २२०, १५०, ९६ असे पर्यायही असतात: दर इंचाला किती ठिपके ठेवायचे. माझा ४,००० ठिपक्यांचा फोटो सोळा सेंटिमीटरात, म्हणजे ६.३ इंचांत बसला होता. दर इंचाला ६३५ ठिपके. एवढे छापखान्यालाही नकोत. २२० ठेवले तर रुंदी १,३८६ ठिपक्यांवर येते आणि एक कोटी वीस लाखांचे साडेचौदा लाखही राहत नाहीत. रुंदी निम्मी केली की ठिपके चतुर्थांश होतात, हे क्षेत्रफळाचं गणित आपण पाचवीत शिकतो आणि फाइल अडकल्यावर विसरतो.

फाइल आटोक्यात आणायला मी पवनीत एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात बसलो होतो. केंद्र चालवणारा पोरगा माझ्यापेक्षा या विद्येत पुढे निघाला. दिवसभर तो हेच करतो. पोलीस भरती, बँक भरती, शिष्यवृत्ती, सगळीकडे फोटो आणि सही. बँक भरतीच्या अर्जात फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा लागतो, २० ते ५० केबीच्या दरम्यान. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी.

“काका, फोटो कसा बी राहो, पन्नास केबीच्या आत बसला पाहिजे जी. नाही बसला तं साइट घेतच नाही.”

“आणि वीसच्या खाली गेला तर?”

“तरी घेत नाही. लय लहान केला तं फाटते, तोंड ओळखू येत नाही.”

फोटो फाटतो, हा आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचा शब्द मला फार आवडतो. ठिपके सुटे दिसू लागले की कापड विरल्यासारखंच दिसतं. मी मनात गुणाकार केला: २०० गुणिले २३० म्हणजे ४६,०००. अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्याने १९५७ साली आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात घातला, तो संगणकात स्कॅन होऊन गेलेला पहिला फोटो. तो होता १७६ बाय १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपक्यांचा. पवनीतला उमेदवार खिशात एक कोटी ठिपक्यांचा कॅमेरा घेऊन येतो आणि अर्जात शिरताना जवळपास त्या बाळाच्या मापाचा होतो.

पण लाखो ठिपक्यांतून ४६ हजार ठेवायचे, तर ठेवायचे कोणते? इथे खरी जादू सुरू होते.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे ठराविक अंतराने एकेक ठिपका उचलायचा, बाकीचे सोडून द्यायचे. पंगतीत दर विसाव्या माणसाला विचारायचं, मीठ कसं आहे? ही रीत धरणाच्या दारांवर लावून बघू. गणित सोपं राहावं म्हणून दार आणि दोन दारांमधला खांब सारख्याच रुंदीचे धरू, जरी प्रत्यक्षात दारं रुंद आहेत. ३३ दारं आणि दोन्ही टोकं धरून ३४ खांब, मिळून ६७ पट्टे. दार पांढरं, खांब काळा. फोटोत प्रत्येक पट्टा दहा ठिपके रुंद, म्हणजे चित्र ६७० ठिपके रुंद.

आता हे चित्र ६० ठिपके रुंद करा. साधारण दर अकराव्या ठिपक्यावर उडी पडते, आणि पट्टे आहेत दहादहाचे, त्यामुळे सात पट्टे उडीखाली सापडून नाहीसे होतात. खांब नाहीसा झाला की शेजारची दोन दारं जुळून एक होतात. दार नाहीसं झालं की दोन खांब जुळतात. मोजा: दारं उरली २६. फोटोत धरण दिसतंय, दारं दिसताहेत, सगळं छान आहे, फक्त सात दारं कमी आहेत. शाळेतला एखादा चोखंदळ पोरगा पुस्तिकेतली दारं मोजेल आणि माझ्या मजकुराला खोटं पाडेल.

आणखी लहान करा, ३५ ठिपके. हे मी चौकटीच्या वहीत हाताने करून पाहिलं, कारण उत्तरावर विश्वास बसेना. आता उडी साधारण एकोणीस ठिपक्यांची, म्हणजे दोन पट्ट्यांपेक्षा किंचित कमी. पहिली उडी खांबावर पडते. दुसरीही खांबावरच. तिसरीही. मधलं प्रत्येक दार उडीखालून निसटतं. प्रत्येक उडी थोडी थोडी मागे सरकत राहते आणि तेराव्या ठिपक्याला ती पहिल्यांदा दारावर पडते. मग सलग अकरा वेळा दारावरच. मग पुन्हा बारा वेळा खांबावर. कागदावर काय उमटलं? बारा काळे, अकरा पांढरे, बारा काळे. दोन्हीकडे भक्कम भिंत आणि मधोमध एकच प्रचंड दार. असं धरण वैनगंगेवरच काय, जगात कुठेच नाही. ते कुणी काढलेलंही नाही. प्रत्येक ठिपका मूळ फोटोतलाच आहे, खरा आहे, आणि चित्र मात्र धादांत खोटं आहे.

या खोटेपणाला संगणकवाले एलियासिंग म्हणतात. एलियस म्हणजे टोपणनाव, वेश पालटलेला. बारीक नक्षी जाड नक्षीचा वेश घेऊन समोर येते. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या दोघांच्या कामातून, अनुक्रमे १९२८ आणि १९४९ मधल्या, याचा नियम हाती आला: जी नक्षी टिपायची तिच्या प्रत्येक आवर्तनामागे दोनपेक्षा जास्त नमुने हवेत. आपल्या धरणात दार आणि खांब मिळून एक आवर्तन, आवर्तनं साडेतेहतीस. म्हणजे ६७ च्या खाली गेलात की दारं मोजण्याचा हक्क गेला. रोवणी झालेल्या धानाच्या बांधीचा फोटो लहान केल्यावर त्यात लाटा उठतात, त्या याच. रोपांच्या ओळी बारीक, ठिपके अपुरे, आणि शेतात कुणी न लावलेली वळणं उगवतात. टीव्हीवर बारीक चौकड्यांचा सदरा घातलेला पाहुणा आला की त्याच्या छातीवर रंग लवलवतात, तेही तेच.

मग चांगलं सॉफ्टवेअर काय करतं? ते उडी मारण्याआधी आसपासच्या ठिपक्यांची सरासरी काढतं. ३५ ठिपक्यांच्या चित्रात एकेका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ एक अख्खं दार आणि एक अख्खा खांब येतो, आणि सगळी पट्टी एकसारखी राखाडी होते. दारं दिसत नाहीत, पण खोटी दारंही दिसत नाहीत. ‘इथे काहीतरी आहे, पण या मापात मला सांगता येत नाही’ असं म्हणणारा तो राखाडी रंग मला त्या खोट्या दारापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

या राखाडीतही एक खोच आहे. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५, तर मधला किती? कुणीही म्हणेल १२७. पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले फरक जास्त कळतात म्हणून ते तिकडे दाट आणि उजेडाकडे विरळ ठेवलेले असतात. खरोखर अर्धा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ च्या आसपास लागतो. कित्येक सॉफ्टवेअर सरळ आकड्यांचीच सरासरी घेतात, आणि जाळी, पावसाच्या धारा, दिव्यांच्या माळा असलेले फोटो लहान होताना काळवंडतात. दिवाळीच्या रोषणाईचा फोटो व्हॉट्सअॅपवर जरा उदास का दिसतो, याचं एक कारण तरी हे असू शकतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना या सगळ्याचा एक जास्तीचा फटका बसतो. पुस्तिकेत मी एका सूचनाफलकाचा फोटो टाकला होता. लहान केल्यावर पहिल्यांदा काय गेलं? अनुस्वार. इंग्रजीत ‘आय’वरचा ठिपका गेला तरी अक्षर कळतं. आपल्याकडे तो ठिपका अर्थ सांभाळून बसलेला असतो. खंत आणि खत, पंत आणि पत. चिंता आणि चितेत एका बिंदूचं अंतर, हे तर शाळेत फळ्यावर लिहून सांगितलेलं. पडद्यावर दीड ठिपका जाडीचा अनुस्वार साठ टक्के मापात एका ठिपक्यापेक्षाही बारीक होतो. उडीखाली सापडला तर संपला, सरासरीत आला तर फिकट डाग. शिरोरेघेचं तसंच, ती दोन ओळींच्या फटीत सापडली की कुठे जाड, कुठे गायब. म्हणून मराठी मजकुराचे फोटो पुस्तिकेत घालायचे असतील तर माझा सल्ला असा की लहान करूच नका. हवा तेवढाच भाग कापून घ्या आणि त्याला पूर्ण मापात जागा द्या. नाहीतर मजकूर हाताने पुन्हा टाइप करा. कंटाळवाणं आहे, पण अक्षर टाइप केलं की ते ठिपक्यांचं राहत नाही, रेषेच्या सूत्राचं होतं, आणि सूत्र कितीही लहान-मोठं केलं तरी विरत नाही.

मोठं करण्याची गोष्ट उलटी. तिथे टाकायचं काही नाही, नसलेलं आणायचं आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात आणि चौकाचौकात फ्लेक्स लागतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला, समजा १६०० ठिपके रुंदीचा फोटो वीस फूट रुंद करून टांगतात. एकेक ठिपका जवळजवळ चार मिलिमीटरचा होतो, मसुरीच्या दाण्याएवढा. तरी चेहरा ओळखू येतो, कारण फ्लेक्स कुणी नाक लावून बघत नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा कळतो. तेरा मीटरांवर हा कोन त्या चार मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा भरतो. त्याहून लांब उभं राहिलं की ठिपके एकमेकांत मिसळतात. हातातलं पुस्तक तीस सेंटिमीटरांवर असतं, तिथे हाच कोन ०.०९ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंचाला २९० ठिपके. छापखान्यात ‘तीनशे डीपीआय द्या’ असं जे पाठ म्हटल्यासारखं सांगतात, तो तीनशे आपल्या डोळ्याच्या या मर्यादेला लागूनच आहे.

दोन ठिपक्यांच्या मधली नवी जागा भरायची कशी? एक रीत म्हणजे शेजाऱ्याची नक्कल, मग पायऱ्या दिसतात. दुसरी म्हणजे चार शेजाऱ्यांची सरासरी, मग धूसर होतं. तिसरी रीत चार बाय चार, म्हणजे सोळा शेजाऱ्यांना विचारते. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये तिचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं आणि आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘बायक्युबिक’ म्हणून दिसतं ते त्याच घराण्यातलं. त्यात दूरच्या शेजाऱ्यांना ऋण वजन असतं: ते काळे असतील तर मधला ठिपका थोडा अधिक पांढरा करायचा. त्यामुळे कडा धारदार होतात, आणि कधीकधी दाराच्या कडेला मुळात नसलेली एक उजळ रेघ चमकते. छान दिसते. नसते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता मोठं करून देते, आणि ती सोळा शेजाऱ्यांना विचारत नाही, लाखो दुसऱ्या फोटोंना विचारते. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, मोठा बौद्ध स्तूप सापडला आणि त्याच्या शिळांवर ब्राह्मी लेख. अशा झिजलेल्या अक्षराचा धूसर फोटो या यंत्राला दिला तर ते एखादं स्वच्छ, रेखीव अक्षर काढून देईल. शिलालेखतज्ज्ञाने ज्यावर दोन वर्षं वाद घालावा ती खूण यंत्र दोन सेकंदांत ठरवून मोकळं होतं. सहलीच्या पुस्तिकेत चेहरा जरा तुकतुकीत झाला तर बिघडलं नाही. पण लेख, सातबारा, मोजणीचा नकाशा असल्या गोष्टींना मी हा हात लावू देत नाही.

ठिपक्यांच्या आधीही लोक चित्रं लहान-मोठी करतच होते. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन पाद्र्याने १६०३ मध्ये चार पट्ट्यांचं एक यंत्र केलं, पँटोग्राफ. एका टोकाने नकाशा गिरवायचा, दुसऱ्या टोकाची पेन्सिल तोच नकाशा हव्या त्या प्रमाणात काढते. भूमापनवाल्यांचं ते लाडकं यंत्र. इथून फार लांब नाही, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला त्यांनी सुरुवात केली आणि काम करता करताच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला देह ठेवला. अख्खा देश कागदावर बसवायचा हे त्यांचं काम, म्हणजे एका अर्थी आमच्याच धंद्यातले.

नकाशा काढणाऱ्याकडे मात्र एक गोष्ट होती जी माझ्या सॉफ्टवेअरकडे नाही: त्याला माहीत असे की काय महत्त्वाचं. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात दहा मीटर रुंदीचा रस्ता ०.२ मिलिमीटरचा होतो, आणि तरी तो ठसठशीत काढलेला असतो. कारण वाट चुकू नये, हे चित्रातल्या सत्यापेक्षा मोठं. सॉफ्टवेअरला रस्ता कळत नाही, त्याला फक्त राखाडी कळतं. २००७ मध्ये शाई अविदान आणि एरियल शामिर या दोघांनी त्याला थोडं शिकवून पाहिलं: फोटो अरुंद करायचा तर सगळं चेपायचं नाही, ज्या वळणदार रेषेत काही घडत नाही ती शोधून तेवढीच काढायची. आकाश जातं, पाणी जातं, माणसं जशीच्या तशी राहतात. मी ते माझ्या फोटोवर करून बघितलं आणि थक्क झालो. कडेची माणसं हुबेहूब, झाड हुबेहूब, धरण निम्मं. निवांत पसरलेल्या भिंतीत ‘काही घडत नाही’ असं त्याला वाटलं, आणि काही किलोमीटर त्याने अलगद उचलून नेले.

शेवटी अडलो ते लांबी-उंचीपाशी. चित्र ओढताना कोपऱ्याचा ठिपका धरावा, बाजूचा धरू नये, नाहीतर फोटो ताणला जातो आणि सत्कारमूर्ती जाड दिसतात, हा या विद्येतला पहिला धडा. लांबी आणि उंचीचं गुणोत्तर राखायचं. ठीक. गोसीखुर्दची लांबी ११,३५० मीटर, उंची २२.५ मीटर. गुणोत्तर पाचशेला एक. म्हणजे पडद्यावर धरण हजार ठिपके लांब काढलं तर उंचीला दोन ठिपके मिळतात. दोन! एक पाया, एक माथा.

पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्यांनी यावर केव्हाच तोड काढलेली आहे, आणि ती म्हणजे बाजूचा ठिपका धरून ओढायचा, बिनदिक्कत. त्यांच्या एल-सेक्शनमध्ये, म्हणजे लांबीच्या छेदात, आडवं प्रमाण वेगळं आणि उभं वेगळं असतं. समजा आडवं एकास पाच हजार घेतलं आणि उभं एकास शंभर, तर हे धरण सव्वादोन मीटर लांबीच्या गुंडाळीवर वीतभर उंच उभं राहतं आणि जमिनीचा प्रत्येक चढउतार दिसतो. उंची पन्नास पटींनी ताणलेली असते. फसवणूक नाही, कारण दोन्ही प्रमाणं कोपऱ्यात लिहिलेली असतात. ती लिहिल्याशिवाय नकाशावर सही होत नाही. फोटो ताणणाऱ्या आपल्यासारख्यांना असा कोपरा कुणी दिलेला नाही.

मी पुस्तिकेत तसला एक ताणलेला छेद दिलाच, प्रमाणं लिहून. पण शेवटच्या पानावर म्हटलं, एकदा तरी खरं माप दाखवू. पानाची छापायची रुंदी सोळा सेंटिमीटर. सोळाला पाचशेने भागलं: ०.३२ मिलिमीटर. पॉइंटात केलं तर ०.९. हा आकडा मी रोज बघतो. शीर्षकाखाली, तक्त्याच्या कडेला, सहीच्या जागेवर आपण जी रेघ मारतो ती अर्ध्या ते एक पॉइंटाची असते. म्हणजे गोसीखुर्दचं धरण त्याच्या खऱ्या प्रमाणात माझ्या प्रत्येक पानावर आधीपासून होतं, शीर्षकाखालची रेघ होऊन.

त्या पानावरचा फोटो मी काढून टाकला. सोळा सेंटिमीटर लांब, ०.९ पॉइंट जाडीची एक काळी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: ‘गोसीखुर्द धरण, लांबी व उंची एकाच प्रमाणात.’ फाइल आता सहा एमबी झाली होती, एका दमात गेली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन. “सर, शेवटच्या पानावरचा फोटो आलाच नाही, नुसती रेघ दिसते. काढून टाकू?”